एकेचाळीस नंबरचा खिळा

नागोया, ११ सप्टेंबर १९६२

फुमिएताई,

पत्राची सुरुवात हवापाण्यानं करावी असं शाळेत शिकवलं होतं, म्हणून सांगते: इथं अजून घामाच्या धारा लागल्यात आणि तुमच्याकडे डोंगरात गार झालं असणार. झालं हवापाणी. आता कामाचं.

तुमच्या बोगद्याची दोन्ही टोकं दहा ऑक्टोबरला एकमेकांना भेटणार, म्हणून आमच्या दैनिकाला आधी आत जाऊन फोटो काढायचे होते. कंपनीनं पास पाठवला, 'श्री. मिसाओ ताचिकावा' या नावाचा. मिसाओ नावाचे पुरुष असतात हे त्यांच्या कारकुनाला ठाऊक होतं, बायकाही असतात हे तो विसरला. मी कशाला आठवण करून देतेय! पण आमचे विभागप्रमुख ओगाता-सान फोनवर आभार मानता मानता म्हणाले, "आमची पोरगी गुणी आहे हो, कुणाच्या पायात येणार नाही." झालं. पास रद्द. आता होरिए-सान जाणार.

होरिए-सान माणूस भला, पण त्यांचा प्रत्येक फोटो लग्नातला वाटतो. सगळे रांगेत, सगळे ताठ. ताई, मी इथं चार वर्षं दुसऱ्यांचे फोटो धुतले आणि दोन वर्षं महिलांच्या पानासाठी शेवंतीची प्रदर्शनं आणि लोणची काढतेय. गेल्या आठवड्यात मुळ्याचा फोटो काढला. मुळा छान आला. पण मुळ्यावरून कुणाला बातम्यांच्या विभागात घेत नाहीत.

तर माझा बेत असा. सामान उचलायला म्हणून मी होरिए-सानांबरोबर येणार आणि बाहेर थांबणार. जेंझो भावोजींचा एखादा जुना डगला आणि हेल्मेट मिळालं, तर पाळी बदलताना घोळक्यातून आत जाईन. एक तास. तुझ्याखेरीज मी कुणाला सांगू?

तुझी मिसाओ


हिदा, बोगद्याची वस्ती, १६ सप्टेंबर

मिसाओ,

तुझं पत्र चुलीपाशी वाचलं आणि चुलीतच घातलं. तू पहिल्यापासून अशीच. जत्रेला माझ्या पाठीवर बसून यायचीस आणि उतरून माझ्याआधी देवळात शिरायचीस. लोक मला म्हणायचे, मावशीची पोर आहे म्हणून लाडावून ठेवलीस.

आता नीट ऐक. डोंगराची देवी बाई आहे, रूपानं यथातथाच आणि स्वभावानं मत्सरी. आपल्या पोटात दुसरी बाई शिरलेली तिला खपत नाही. तिला खूश ठेवायला बोगद्याच्या तोंडाशी देव्हाऱ्यात एक वाळलेला मासा ठेवलाय, इतका कुरूप की तो बघून तिला वाटावं, आपण बऱ्या. तू हसत असशील. पहिल्या वर्षी मीही हसले होते. पण ह्यांच्याबरोबर चार बोगदे झाले, अकरा वर्षं झाली. ऐंशी माणसांचा भात मी शिजवते आणि डबे घेऊन बोगद्याच्या तोंडाशी बायकांना अडवायला बांधलेल्या दोरीपाशी थांबते. दोरीपलीकडे माझं पाऊल पडलेलं नाही. सकाळी जेवढे आत जातात तेवढे संध्याकाळी पंगतीला बसावेत, एवढ्यासाठी मी दोरी मानते. तेव्हा, नाही.

हे लिहून दोन दिवस पत्र तसंच ठेवलं होतं. आज पुढं लिहितेय.

सत्तावीस तारखेच्या गुरुवारी हे दाढा काढायला ताकायामाला जातायत, पुढच्या मंगळवारपासून कामावर. त्यांचा जुना डगला घरामागच्या दोरीवर वाळत असेल. पाठीवर ४१ आकडा आहे, मीच शिवलाय. मी दिला नाही, तू उचललास.

का, ते सांगते. अकरा वर्षं ज्याचा डबा भरते तो माणूस कुठं बसून जेवतो हे मला ठाऊक नाही. विचारलं तर म्हणतात, "अंधारात." बस, एवढंच. तू बघ, आणि मला दाखव.

फुमिए


नागोया, २८ सप्टेंबर

ताई,

जमलं. डगला होता तिथं टांगून आले, पाहिलास ना? हजेरीवाल्यानं पाठीवरचा आकडा पाहिला, तोंडाकडे बघितलंही नाही. तोंडाला टॉवेल, नाकावर धुळीची पट्टी, आणि चाल भावोजींची. खांदे पाडून, जसं काही जगाचं ओझं त्यांच्यावरच आहे.

आत काय काय होतं ते एका पत्रात मावणार नाही. आवाज एवढा, की दात हलतात. मी अख्खं रीळ काढलं, छत्तीस फोटो. असे फोटो मी आजवर काढले नव्हते, ताई. कुणी मला ताठ उभं राहून दाखवलं नाही, कारण मी आहे हेच कुणाला कळलं नाही.

म्हणजे एकाला कळलं. खांब बसवणारे म्हातारे शिगे-सान. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, मग दुसरीकडे बघून म्हणाले, "पोरा, पाय जपून टाक." तिथंच डावीकडच्या भिंतीतून पाणी येत होतं, तांदळाच्या धुवणासारखं पांढरं, आणि दिव्यात चमकत होतं. मी म्हटलं, काय सुरेख दिसतंय. तर शिगे-सान म्हणाले, "कालपर्यंत नितळ होतं. जेंझो असता तर आज त्यानं फावडं खाली ठेवलं असतं." एकदोघं हसले. बघ, कामचुकार म्हणून भावोजींची किती ख्याती! शनिवारी त्या भिंतीवर फळ्या ठोकून वर लाल-पांढरं कापड लावणार आहेत, पाहुण्यांना चिखल दिसू नये म्हणून. फळ्या येऊनही पडल्यात.

आणि आता तुझं काम. खांबांवर डबे टांगायचे खिळे आहेत, प्रत्येकाखाली नंबर कोरलेला. एकेचाळीस नंबरचा खिळा रिकामा होता. जागा कमी पडत होती, तरी त्यावर दुसरा डबा कुणी टांगला नव्हता. त्याचा फोटो काढलाय. मोठा करून पाठवते.

तुझी मिसाओ


नागोया, १४ ऑक्टोबर

ताई,

अपघातात गेलेल्यांची पाच नावं छापून आली होती. मी ती दोनदा वाचली, दुसऱ्यांदा वाचून भावोजींचं नाव त्यातून जाईल अशा आशेनं.

अंत्यविधीला मी आले होते. धूप लावून मागं उभी राहिले. बाकीच्या चौघी एका बाजूला बसल्या होत्या आणि तू दुसऱ्या बाजूला. मला वाटलं तुला एकटं बसायचं असेल, म्हणून जवळ आले नाही. तूही माझ्याकडे पाहिलं नाहीस.

वस्तीत सगळे म्हणत होते की कुणी बाई आत शिरली होती, म्हणून डोंगर कोसळला. ती बाई मी, हे तू, ओगाता-सान आणि होरिए-सान सोडून कुणाला ठाऊक नाही. देवीबिवी मी मानत नाही. पण हात धुताना, जेवताना, मध्येच मनात येतं.

माझा फोटो आधीच छापून आला होता, होरिए-सानांच्या नावानं. आत तेच गेले होते ना. डावी बाजू कापून फक्त हसणारे चेहरे ठेवले. ओगाता-सान म्हणतात, आता तोंड उघडलंस तर आपल्याला कुठल्याच बोगद्याचा पास मिळायचा नाही, आणि वसंतात तुला बातम्यांच्या विभागात घ्यायचं माझ्या मनात आहे.

तू सांग म्हणालीस तर मी सांगेन. तू म्हणशील तसं.

मिसाओ


हिदा, ४ नोव्हेंबर

मिसाओ,

काही सांगू नकोस. सांगून कोण उठून येणार आहे?

डगला मी जाळला. इथलं स्वयंपाकघर सोडून समुद्राकाठी भावाकडे चाललेय, मासे वाळवायला. तिथं पत्र पाठवू नकोस. तुझ्या कामात वर जा. एवढं झालंय, तर निदान ते तरी होऊ दे.

फुमिए


नागोया, १९ मे १९८५

फुमिएताई,

तुझ्या पुतण्याकडून पत्ता मिळवला. रागावणार असशील तर पत्र पूर्ण वाचून रागव.

मी पन्नास वर्षांची झाले. गुडघा दुखतो. वर जा म्हणालीस, तशी गेले. बातम्यांच्या विभागात बावीस वर्षांपूर्वी मी एकटी होते, आता चार मुली आहेत. त्या मला गुरूला म्हणावं तसं 'सेन्सेई' म्हणतात आणि विचारतात, पहिली संधी कशी मिळाली? मी त्यांना मुळ्याची गोष्ट सांगते. त्या हसतात. मुळ्यानंतर काय झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

ऑगस्टमध्ये इथं माझ्या फोटोंचं प्रदर्शन आहे. त्यात पहिला फोटो तो लावायचा आहे, बोगद्याचा, न कापलेला, माझ्या नावानं. डाव्या बाजूला ते पांढरं पाणी आहे आणि खाली फळ्यांची चळत. तुला विचारल्याशिवाय लावणार नाही.

पण आधी एक कबुली. तू म्हणालीस सांगू नकोस, म्हणून मी गप्प बसले, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. त्या डिसेंबरात चौकशी झाली. कंपनीनं शपथेवर सांगितलं की अपघाताच्या आधी भिंतीत पाण्याचा थेंबसुद्धा दिसला नव्हता. ती बातमी माझ्या टेबलासमोरून छपाईला गेली. निगेटिव्ह माझ्या खणात होती, हात लांबवला असता तर मिळाली असती. पांढऱ्या पाण्याचा अर्थ तोवर मला कळला होता, चौकशीतल्या इंजिनिअरलाच मी आडून विचारला होता. आणि तरी मी खण उघडला नाही. एप्रिलमध्ये माझी बदली व्हायची होती. मी घाबरले नव्हते, ताई. मला ती खुर्ची हवी होती.

ओगाता-सान गेले, होरिए-सानही गेले. आता माझं कोण काय वाकडं करणार? म्हणजे धैर्य आलं तेही फुकटचं. एवढ्या उशिरा दाखवलेल्या फोटोचा त्या पाच घरांना काय उपयोग, असं तू म्हणालीस, तर तो लावणार नाही.

मिसाओ


९ जून १९८५

मिसाओ,

रागावले नाही. चष्मा लावून दोनदा वाचलं. इथं हवा बरी आहे, मासे लवकर वाळतात. हवापाणी तू विसरलीस, म्हणून मी लिहिलं.

तू तुझा खण उघडलास, आता मी माझा उघडते.

अपघातानंतर हजेरीवाला म्हणाला, गुरुवारी एकेचाळीस नंबर आत गेला, आणि एकेचाळीस तर ताकायामाला दाढा काढत होता. डगला माझ्या घरचा. मुकादम दारात येऊन म्हणाला, "वहिनी, खरं सांगा, कोण गेलं होतं?" मी म्हटलं, मी. नवरा काम करतो ती जागा बघायची होती. ते काही अगदी खोटं नव्हतं. कंपनीला तर हवंच होतं. देवी कोपली म्हटलं की मालकावर काही येत नाही. त्या चौघी माझ्यापासून लांब बसल्या त्या म्हणून. तुला वाटलं मला एकटं बसायचंय. तू फोटो इतके काढतेस, पण बघायला शिकायची होतीस तेव्हा.

तुझं नाव सांगितलं नाही याचं मला वाईट वाटत नाही. मोठी बहीण कशाला असते? माझं दुखणं वेगळं आहे.

तुझं ते पत्र सोमवारी दुपारी आलं. मी तांदूळ धूत होते. ओल्या हातानं उघडलं. 'तांदळाच्या धुवणासारखं पांढरं' हे शब्द वाचले आणि समोरच्या पातेल्याकडे पाहिलं. बोगद्यातलं पाणी नितळ आहे तोवर डोंगर झोपलाय, पांढरं झालं की तो सरकतोय, हे आमच्या वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शिगे-सान आमच्या ह्यांची थट्टा करत नव्हते, मिसाओ. आधीच्या बोगद्यात असंच पाणी पाहून ह्यांनी फावडं खाली ठेवलं होतं आणि मुकादमाच्या शिव्या खात बारा माणसं बाहेर काढली होती. दुसऱ्या दिवशी तो भाग बसला. 'फावडं खाली ठेवलं असतं' म्हणजे ते.

ह्यांची पाळी वेगळी, शिगे-सानांची वेगळी. भिंतीवर तोवर फळ्या ठोकलेल्या, वर कापड. ह्यांना दिसणार कसं? सांगायचं तर मीच सांगायचं होतं.

त्या संध्याकाळी ह्यांचा गाल सुजला होता. पेज केली. समोर बसले. म्हणणार होते, अहो, त्या कापडामागं बघा. पण ते विचारणार, तुला कुणी सांगितलं? मग तुझं नाव आलं असतं, डगल्याचं आलं असतं, आणि अकरा वर्षांत ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते. म्हटलं, उद्या सांगू. मंगळवारी गाल उतरला होता, ते हसत होते, "तुझ्या पेजेनं दाढा परत उगवतील," म्हणाले. म्हटलं, आता कशाला, उद्या. बुधवारी दहा वाजता अपघाताचा भोंगा वाजला.

शिगे-सान एकदा इथं येऊन गेले. वाळवलेली तेंदूफळं आणली होती. ओट्यावर तासभर बसले, चहा पिऊन उठले. पाण्याचं मी विचारलं नाही. त्यांनाही त्या पाण्याचं ठाऊक होतं. मुकादमानं गप्प केलं असेल.

देवीनं काही केलं नाही. आत गेलीस त्यात काही बिघडलं नव्हतं. बाहेर आल्यावर आपण बोललो नाही.

फोटो लाव. खाली तुझं नाव लिही, पाचही नावं लिही, आणि पांढऱ्या पाण्याचा अर्थ लिही. त्या चौघींपैकी दोघी अजून आहेत. त्यांना मी स्वतः पत्र टाकते, की प्रदर्शन बघून या. मला शिव्या द्यायच्या तर आता खऱ्या कारणासाठी द्या म्हणावं.

माझं एक मागणं आहे. एकेचाळीस नंबरच्या खिळ्याचा फोटो काढलाय, मोठा करून पाठवते, असं लिहिलं होतंस. तो आलाच नाही. पत्र पाठवू नकोस म्हणणारी मीच, मग मागू कसा? तरी दर वर्षी पोस्टमन आला की वाटायचं. प्रदर्शनात नको तो. मला पाठव. ह्यांच्या तसबिरीशेजारी ठेवीन.

फुमिए


नागोया, २२ जून १९८५

ताई,

आठवडाभर मी ते रीळ दिव्यासमोर धरून बसले आहे. खरं तर बघायची गरज नव्हती. त्यात काय आहे ते मला पाठ आहे.

खिळ्याचा फोटो नाही. मी तो काढला नव्हता.

छत्तीसच्या छत्तीस फोटो माणसांचे आणि यंत्रांचे आहेत, पहिल्या पानावर जातील असे. खिळ्यापाशी पोचले तेव्हा रीळ संपलं होतं. दुसरं रीळ डगल्याच्या खिशात होतं, भरायला एक मिनिट लागलं असतं. पण मनात आलं, खिळा काय कुणी छापणार आहे? दहा तारखेला परत यायचंच आहे, तेव्हा काढू. आणि तुला लिहून मोकळी झाले, की काढलाय. तूही म्हणालीस 'उद्या', मीही म्हणाले. तू भीतीनं म्हणालीस. मी का म्हणाले, ते तुला आता ठाऊक आहे.

म्हणून आठवतो तसा लिहिते. याहून जास्त माझ्याकडे काही नाही.

खिळा माझ्या डोक्याच्या वीतभर वर होता, रोजच्या डब्याच्या वजनानं खाली वाकलेला. त्याखाली ४१ कोरलेलं, एकच्या आकड्याची शेपटी लांब ओढलेली, तू डगल्यावर शिवली होतीस तशीच. बहुतेक डगल्यावर बघूनच कोरलं असेल. खाली एक आडवा ओंडका, बसून बसून गुळगुळीत झालेला. आणि समोरच्या खांबाला दिवा होता, चांगला मोठा. भावोजी अंधारात जेवत नव्हते. तुझा डबा ते उजेडात उघडत होते.

हे खरं आहे, ताई. दाखवायला मात्र माझ्याकडे काही नाही.

मिसाओ